कुणाच्या आजीचा स्वयंपाक?

अमेरिकेची वारी करून परतलेला आपला माणूस घरी पोचतो, हातपाय धुतो आणि वरणभाताच्या पहिल्या घासाबरोबर निकाल जाहीर करून टाकतो : "देश मोठा, रस्ते गुळगुळीत, पण त्या लोकांना खाण्यातले काही कळत नाही हो!" हा निकाल मी अनेक दिवाणखान्यांत ऐकला आहे. न्यायाधीशमहाराजांनी सहा महिने तिकडे काय खाल्ले याची चौकशी करावी, तर लेकाच्या घरची पोळीभाजी, देशी दुकानातले गोठवलेले पराठे, प्रवासात सूनबाईंनी बांधून दिलेल्या दशम्या आणि अगदीच नाइलाज झाला तेव्हा पिझ्झा! साक्षीदार एकही तपासला नाही, आणि आरोपीला फाशी!

या खटल्यात मी आरोपीचे वकीलपत्र घेतो आहे. मात्र अशिलाची पापे झाकण्याची अट मला मान्य नाही.

टेनेसी राज्यात स्मोकी पर्वताच्या पायथ्याशी सुट्टीच्या दिवसांत अशी 'गावठी' उपाहारगृहे तुडुंब भरलेली असतात. बाहेर लाकडी ओसरी, ओसरीवर झुलत्या खुर्च्यांची रांग. नंबर लागेपर्यंत आजोबा झुलतात, नातवंडे धुडगूस घालतात. आत भिंतींवर जुने कंदील, करवती, कपडे धुण्याच्या पत्र्याच्या फळ्या, आणि कुणाच्या तरी आजीआजोबांच्या पिवळ्या पडलेल्या तसबिरी. टेबलावर भोके पाडलेली तिकोनी फळी आणि त्यात खुंट्या : अन्न येईपर्यंत पोरांनी खेळावे म्हणून. तान्ह्या बाळापासून पणजीपर्यंत सगळे घर एका टेबलाभोवती बसलेले पाहून मला आपल्याकडच्या जत्रेतल्या जेवणाची आठवण झाली. अमेरिकेत कुटुंबसंस्था बुडाली असे व्याख्यान ठोकणाऱ्या मंडळींनी रविवारी दुपारी अशा ओसरीवर तासभर झुलावे.

आणि अन्न? बिस्किट म्हणजे आपले चहात बुडवायचे बिस्किट नव्हे. तो तळहाताएवढा मऊ, गरम, पापुद्रे सुटणारा पाव. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्यांची पेज; वर लोण्याचा गोळा. सलगमाच्या पाल्याची भाजी, मक्याच्या पिठाचा पाव, पिठात घोळून तळलेली भेंडी, शिजवलेली चवळी. कोकणातल्या किंवा वऱ्हाडातल्या माणसाला हे परके वाटावे असे त्यात काय आहे? एक सावधगिरी मात्र हवी. 'भाज्यांचे ताट' मागितले तर त्यात मॅकरोनी आणि चीज ही भाजी म्हणून येते, आणि कडधान्यात किंवा पाल्यात डुकराचे हाड शिजलेले असू शकते. माझ्या पानात ते आलेच. वाढणाऱ्या बाईंना विचारले तेव्हा त्या मोकळेपणाने म्हणाल्या, "चव त्याशिवाय येणार कशी?" चूक माझीच, आधी विचारायला हवे होते.

आता आमच्या पवित्र ताटाकडे वळू. एकादशीला सोवळ्याने होणारी साबूदाण्याची खिचडी घ्या. साबूदाणा ज्या कंदापासून करतात तो टॅपिओका मूळचा दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा तिथलाच. बटाटा तिथलाच, त्याचे नावसुद्धा आपण पोर्तुगिजांकडून उसने घेतले. मिरचीही अमेरिकेचीच. म्हणजे आमचा उपवास पाचशे वर्षांपूर्वी शक्यच नव्हता! ज्यांच्या खंडाने आमच्या विठोबाचा फराळ पुरवला, त्यांना खाण्यातले कळत नाही असे म्हणायला जीभ कशी उचलते?

पण 'त्यांना' म्हणजे नेमके कुणाला? खरे भांडण इथेच आहे.

त्या ओसरीवरची पाटी सांगते की हा आजीच्या हातचा स्वयंपाक आहे. कुणाच्या आजीच्या? मका त्या भूमीत पिकवला आणि राखेच्या पाण्यात भिजवून त्याचे साल काढण्याची युक्ती शोधली ती तिथल्या मूळ रहिवाशांनी. स्मोकी पर्वत ही चेरोकी लोकांची भूमी. १८३८ साली सरकारी सैन्याने त्यांना घराबाहेर काढून पश्चिमेकडे पायी हाकलले. वाटेत हजारो मेले. काही डोंगरांत टिकून राहिले, त्यांचे वंशज आजही पलीकडच्या उतारावर नांदतात. भेंडी आणि चवळी आली आफ्रिकेतून, आणि ती रांधणारे हातही तिथूनच, बेड्या घालून आणले गेले. मळेवाल्यांच्या वाड्यांतली चूल गुलाम बायका सांभाळीत. 'दक्षिणेचा पाहुणचार' म्हणून जगभर वाखाणला गेलेला तो पदार्थ त्यांच्या हातचा. भिंतीवरच्या तसबिरींत मी त्या आजीला शोधले. मला ती सापडली नाही.

ही गावठी ओसरी फारशी जुनीही नाही. १९५६ च्या कायद्याने अमेरिकेत हमरस्त्यांचे प्रचंड जाळे विणायला सुरुवात झाली, आणि गावे बाजूला टाकून मोटारी धावू लागल्या. १९६९ साली टेनेसीतल्या लेबनन गावी डॅन एव्हिन्स या शेल कंपनीच्या पेट्रोल-विक्रेत्याने 'क्रॅकर बॅरल' नावाचे जुन्या वाण्याच्या दुकानासारखे दिसणारे उपाहारगृह काढले. हेतू हा की लोक जेवायला थांबतील आणि पेट्रोलही घेतील! आज त्याच्या शेकडो शाखा आहेत. म्हणजे ज्या रस्त्याने खेडे मारले, त्याच रस्त्याच्या कडेला खेड्याचे चित्र विकायला ठेवले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये या कंपनीने आपल्या बोधचिन्हातून पिंपाला टेकून बसलेला म्हातारा काढून टाकला, तेव्हा देशभर असा गहजब झाला की आठवडाभरात म्हातारा परत आणून बसवावा लागला.

एका चित्रातल्या म्हाताऱ्यासाठी एवढे अश्रू! खऱ्या माणसांना टेबलावर बसू देण्यासाठी किती वर्षे लागली ते पाहा. १९६० च्या फेब्रुवारीत नॅशव्हिल शहरात कृष्णवर्णीय विद्यार्थी दुकानांतल्या खाण्याच्या टेबलांशी शांतपणे जाऊन बसले. त्यांना कुणी वाढले नाही; मारहाण झाली, अटका झाल्या. ते पुन्हा पुन्हा येऊन बसत राहिले, तेव्हा कुठे मे महिन्यात ती टेबले त्यांना खुली झाली. अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरी 'ऑलीज बार्बेक्यू' नावाची एक घरगुती खाणावळ होती. तिचे दोन तृतीयांश नोकर कृष्णवर्णीय. पण त्यांच्या जातभाईंनी अन्न बांधून न्यायचे, आत बसायचे नाही. रांधायला चालतात, जेवायला चालत नाहीत! १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा होताच मालक थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडला आणि त्याच वर्षी डिसेंबरात हरला. हे सारे जुने झाले म्हणावे, तर २००४ साली केंद्रीय न्यायखात्याने क्रॅकर बॅरलवरच आरोप ठेवले : कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना वेगळे बसवणे, त्यांच्या मागून आलेल्या गोऱ्यांना आधी वाढणे. कंपनीने दोष कबूल केला नाही. पण नोकरांना शिकवण्याची आणि बाहेरच्यांकडून तपासणी करून घेण्याची अट पत्करून तडजोड केली.

हे सगळे मी टेबलावर बोलू लागलो तेव्हा चिरंजीव कळवळून म्हणाले, "बाबा, सुट्टीत तरी तुम्ही सुखाने जेवू द्या ना!" अनेक वाचकांच्या मनातही हेच असेल. दिवाळीच्या दिवशी हा कडू घास कशाला? माझे उत्तर असे की मी सुखानेच जेवत होतो. तळलेली भेंडी मी दोनदा मागवली. जिने ती प्रथम त्या भूमीत रांधली तिचे नाव घेतल्याने भेंडीची चव बिघडत असेल, तर दोष भेंडीचा नाही.

आणि आपण हसायला नको. पुण्यापासून नाशिकपर्यंतच्या हमरस्त्यांवर आज 'वाडा' आणि 'चुलीवरची भाकरी' यांच्या पाट्यांचे पीक आले आहे. दारात बैलगाडी, भिंतीवर जाते आणि सूप, फेटा बांधलेला वाढपी. मीही तिथे पिठले ओरपले आहे, उत्तम होते. पण त्या जुन्या वाड्याच्या पडवीत कोण जेवू शके आणि कोण उकिरड्याजवळ पदर पसरून उभे राही? गावच्या हॉटेलात कुणाची कपबशी बाहेर खुंटीला टांगलेली असे? महाडच्या तळ्यावर १९२७ साली पाण्याच्या ओंजळीसाठी रक्त सांडले. आमच्या घटनेच्या १५ व्या कलमात उपाहारगृहांचा नाव घेऊन उल्लेख आहे, तो अमेरिकेच्या कायद्याच्या चौदा वर्षे आधीचा. घटनाकारांना ती ओळ उगाच लिहावीशी वाटली नव्हती. ती बाहेरची कपबशी मात्र 'वाड्या'च्या भिंतीवर मला कुठे टांगलेली दिसली नाही. जाते दिसते, सूप दिसते.

शेवटी पैशाची गोष्ट, कारण आपले प्रवासी इथेच सर्वात जास्त घसरतात. टेनेसीत वाढणाऱ्या बाईला मालकाने तासाला दिलेच पाहिजेत असे रोख वेतन आहे २ डॉलर १३ सेंट, आणि हा केंद्रीय आकडा १९९१ पासून हललेला नाही. बक्षिशी धरून तासाचे ७ डॉलर २५ सेंट भरले नाहीत, तर उरलेले मालकाने द्यायचे, असे कायदा म्हणतो. म्हणजे तिचा संसार गिऱ्हाइकाच्या खुशीवर टांगलेला. ही रीत मला लाजिरवाणी वाटते. पण तिचा निषेध म्हणून बक्षिशी न देणे हा शुद्ध कद्रूपणा. तिकडची पद्धत शेकडा पंधरा ते वीस देण्याची आहे. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ डॉलरचे रुपये करून पाहतात, कपाळाला हात लावतात आणि एक नोट बशीखाली सरकवून पळ काढतात. वर घरी येऊन सांगतात, त्या लोकांना पाहुणचार ठाऊक नाही!

आमच्या टेबलावर वाढणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या होत्या. दुपारभर पाच टेबले त्यांनी एकटीने सांभाळली, नातवाची खुंट्यांची फळी त्याला सोडवून दाखवली, आणि माझ्या पानातले कडधान्य उचलून नेऊन, न मागता, चवळीऐवजी तळलेल्या भेंडीची तिसरी वाटी आणून ठेवली. बिलात तिचे पैसे लावले नव्हते.