बोहाड्याची रात्र आणि फ्लॅशचा उजेड

होळीच्या सुमारास जव्हार-मोखाड्याच्या गावापाड्यांत बोहाड्याचे दिवस सुरू होतात. संबळाच्या तालावर गणपती, नरसिंह, रावण, वेताळ अशी सोंगे रात्र रात्र नाचतात. अलीकडे त्यांच्याभोवती कॅमेऱ्यांचे कोंडाळेही असते. त्यांतली बरीचशी छायाचित्रे मात्र एकाच तऱ्हेने फसलेली दिसतात: मुखवटा पांढराफटक आणि मागे मिट्ट काळोख. टेंभे, धूर, कडेने बसलेली माणसे, सगळे गायब. असला फोटो शहरातल्या स्टुडिओत काळा पडदा लावूनही निघाला असता. त्यासाठी मोखाड्याचा घाट चढायचे कारण नव्हते.

यात दोष फ्लॅशचा नाही. सगळी रात्र उजळण्याचे काम त्याच्यावर सोपवले, तिथे गाडी अडते. फ्लॅशचा लखलखाट साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका, कधी त्याहूनही कमी टिकतो. शटर १/१२५ सेकंद उघडे राहो की १/१५, मुखवट्यावर पडलेला फ्लॅशचा उजेड तेवढाच नोंदला जातो. टेंभ्याचा उजेड मात्र शटर उघडे असेपर्यंत साचत राहतो. १/१५ ला तो १/१२५ च्या आठपट मिळतो. थोडक्यात, मुखवटा फ्लॅशच्या हाती आणि रात्र शटरच्या. शटर लांबवले की टेंभ्याची रेघ ओढली जाते. ती सोंगाच्या मागे राहावी, पुढे नको, म्हणून शटर मिटता मिटता फ्लॅश उडवण्याची सोय बऱ्याच कॅमेऱ्यांत असते.

मालवण-तारकर्लीच्या समुद्रात बुडी मारणारे छायाचित्रकार हाच हिशेब पाण्याखाली करतात. पाणी उजेडातला लाल रंग सर्वांत आधी गिळते, त्यामुळे काही मीटर खोलीवर लाल मासाही करडा दिसू लागतो. त्याचा रंग फ्लॅश परत आणतो. मागचे पाणी निळे ठेवायचे की काळे, हे शटर ठरवते. पाण्यातले कण फ्लॅशने उजळून फोटोभर पांढरे ठिपके उठतात, म्हणून ही मंडळी फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर, दांड्यांवर बाजूला लावतात. नाचणाऱ्या पायांनी उडालेली धूळ बोहाड्यात तेच करते आणि उपायही तोच आहे. शिवाय सोंग घेणारा गडी मुखवट्याच्या बारीकशा भोकांतून पाहत असतो. समोरून फ्लॅश मारला की त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, तीही टेंभे फिरत असताना. फ्लॅश बाजूला नेण्याला एवढे एक कारणही पुरेसे आहे.

मोबाइलवाल्यांनी तर फ्लॅश बंदच ठेवावा. मोबाइलचा दिवा म्हणजे लहानशी बॅटरी. त्याने क्षण गोठत नाही, समोरच्याचे डोळे तेवढे दिपतात.

जगदंबा आणि महिषासुराचे युद्ध पहाटेवर येते तेव्हा आभाळ उजळू लागलेले असते. अशा वेळी फ्लॅशला हात न लावता शटरचा वेग वाढवत न्यावा: १/१५, १/६०, १/१२५. बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० ही शेवटची पायरी. त्यापुढे गेल्यास शटरचा पडदाच आड येतो आणि फोटोत काळा पट्टा उमटतो.