जुनी नाव, नवं इंजिन

काशीला गेलेला मराठी माणूस दशाश्वमेध घाटावर नावेत बसला आणि नाव अस्सीच्या दिशेने निघाली की थोड्याच वेळात नावाडी बोट दाखवतो, 'ये अहिल्याबाई घाट, ये मुंशी घाट.' अहिल्याबाईंचं नाव ऐकताच मंडळी हात जोडतात. मुन्शी घाटाकडे मात्र फारसं कुणी पाहत नाही. खरं तर हाही घाट मराठी राज्याशी नातं सांगणारा! नागपूरकर भोसल्यांचे अर्थमंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी १८१२ मध्ये तो बांधवला. पुढे १९१५ मध्ये दरभंग्याच्या महाराजांनी इथली वास्तू विकत घेतली आणि घाटाचा दक्षिणेकडचा भाग दरभंगा घाट म्हणून ओळखला जाऊ लागला.

घाटाचा दगड जिथल्या तिथे आहे. बदललं आहे ते पायऱ्यांशी बांधलेल्या नावांचं पोट!

एके काळी इथे वल्ह्यांशिवाय दुसरा आवाज नव्हता. मग नावांवर डिझेल इंजिनं चढली. शेतातला पंप चालवतात त्याच जातीची, हँडल मारून सुरू करायची. ती मुळात पाण्यावर चालण्यासाठी घडवलेली नव्हती, पण हुशार मिस्त्रींनी त्यांना एक लांब दांडा जोडला, दांड्याच्या टोकाला पंखा बसवला आणि लाकडी नाव धावू लागली. ट्रकचं इंजिन होडीत बसवणाऱ्या आपल्या कोकणच्या मच्छीमारांना यात नवल वाटणार नाही. नावाड्याचे दंड वाचले, फेऱ्या वाढल्या. पण धुराचा काळा पट्टा, पाण्यावर तेलाचा तवंग आणि कान किटवणारी फटफट याही गोष्टी सोबत आल्या. पहाटेच्या वेळी आरतीची घंटा ऐकायला आलेल्या यात्रेकरूला आधी इंजिनच ऐकू यायचं.

यावर उपाय म्हणून वाराणसीत सीएनजीची योजना आली. 'गेल' या सरकारी कंपनीच्या सामाजिक निधीतून जुन्या नावांना सीएनजी इंजिन मोफत बसवून द्यायचं आणि डिझेलचं इंजिन काढून घ्यायचं, असा तो बेत. सुमारे १,७०० नावा, खर्च २९ कोटी रुपयांच्या घरात. लहान नावेला अंदाजे दीड लाख, मोठ्या नावेला आणि बजऱ्याला अडीच लाख, असा हिशेब २०२१ च्या सुमारास मांडला गेला. गॅस भरण्यासाठी नदीवरच तरंगतं केंद्र उभं राहिलं. एक उत्तरेला नमो घाटावर, म्हणजे पूर्वीच्या खिडकिया घाटावर, आणि दुसरं दक्षिणेला रविदास घाटावर.

मोफत मिळालं म्हणजे काम संपलं का? इथेच खरी गोम आहे.

मुंबईकरांना आठवत असेल, काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी सीएनजीवर आल्या तेव्हा त्यांचं पेट्रोल इंजिन तसंच राहिलं. डिकीत टाकी आली, नळी जोडली, झालं! कारण पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी टाकणारा प्लग असतोच. डिझेल इंजिनाची तऱ्हा वेगळी. तिथे हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेट घेतं, ठिणगीची गरजच नाही. गॅस मात्र नुसत्या दाबाने असा पेटत नाही. म्हणून नावेला किट लावून भागत नाही, सगळं इंजिनच बदलावं लागतं.

आणि इंजिन बदललं की त्याच्या शेजारपाजारचं सगळंच बदलतं. भंगारात मिळालेली काचेची मोटर जुन्या फियाटच्या दारात बसवून पाहणाऱ्यांना हा अनुभव आहे. मोटर फिरते झकास, पण दात्यांची जुळणी चुकली की काच अडकते! नावेत अडकण्यावर भागत नाही. जुना पंखा सावकाश फिरणाऱ्या, दमदार डिझेल इंजिनाच्या मापाचा. नवं इंजिन जास्त वेगाने फिरणारं. दोघांच्या मध्ये वेग कमी करणारा गिअर नीट नसेल तर इंजिन नुसतं ओरडतं आणि नाव प्रवाहाविरुद्ध रेंगाळते. दांडा सरळ रेषेत बसला नाही तर तो थरथरतो, भोकाभोवतीची गुंडाळी झिजते आणि तिथून पाणी आत येऊ लागतं. डिझेलचं जड धूड निघालं, त्या जागी हलकं इंजिन आणि भलतीकडे सिलिंडर आले, तर नावेचा तोलही हलतो. काठावर उभ्या असलेल्या माणसाला यातलं काही दिसत नाही. मिस्त्रीला दिसलं पाहिजे.

सिलिंडरचंही तसंच. त्यात गॅस सुमारे २०० पट वातावरणीय दाबाने भरलेला असतो. म्हणून दर ३ वर्षांनी त्याची दाबचाचणी करून घ्यावी लागते. एक गोष्ट दिलाशाची. हा गॅस हवेपेक्षा हलका. पेट्रोलची वाफ नावेच्या तळाशी साचून राहते, हा मात्र गळला तरी उघड्यावर वर निघून जातो. अट एवढीच, की वर बंदिस्त छप्पर नको आणि सिलिंडर हवेशीर जागी हवा. गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो, तो याचसाठी.

नावाड्याच्या दृष्टीने हा सगळा रोजच्या भाकरीचा प्रश्न आहे. इथे कोणत्या घाटावरून कुणी नाव चालवायची याचे हक्क पिढ्यान् पिढ्या ठरलेले. पावसाळ्यात गंगा चढली की नावा बंद. वाराणसीत ७०.२६२ मीटरला इशाऱ्याची पातळी, ७१.२६२ मीटरला धोक्याची. तेव्हा कमाईचे महिने आधीच मोजके. २०१८ मध्ये अलकनंदा क्रूझ सुरू झाली तेव्हा नावाड्यांनी विरोध केला, तो उगाच नव्हे. अशा माणसाचं इंजिन ऐन कार्तिकात बंद पडलं तर मोसमच हातचा जातो. डिझेलचं इंजिन बिघडलं तर घाटावरचा कुणीही पाना घेऊन बसायचा. गॅसच्या इंजिनाला जाणकार हात लागतो, सुटा भाग लागतो. शिवाय मुन्शी घाट मध्यावर, गॅस दोन टोकांना. टाकी भरायला जाणं-येणं हाही वेळेचा आणि गॅसचा खर्चच. आणखी एक गोष्ट. इंजिन मिळतं ते नावेच्या मालकाला. दुसऱ्याच्या नावेवर वल्हं मारून पोट भरणाऱ्याच्या हाती काय पडतं? मोठा बजरा वल्हवायला चार-सहा माणसं लागायची, इंजिनावर दोघांत भागतं.

म्हणून योजनेचं यश किती इंजिनं बसली यावर मोजू नये. तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्यातली किती नीट चालू आहेत, त्यांची देखभाल कोण करतं, घाटावरच्या पोरांना हे नवं काम कुणी शिकवलं का, यावर मोजावं. जुनी वस्तू टाकून न देता तिला नवा प्राण द्यायचा, हा विचार उत्तमच. पण त्या प्राणाची काळजी घेणारा माणूसही त्याच घाटावर तयार व्हायला हवा.

आपण यात्रेकरूंनीही थोडं भान ठेवावं. नावेत चढता-उतरताना इंजिन बंद आहे ना, पंखा थांबला आहे ना, हे पाहावं. जवळ कुणी स्नान करत असेल तर नावाड्याला घाई करू नये. लाइफ जॅकेट माणशी एक आहे का, हे बसण्याआधी विचारावं आणि मुलांना ते घालायलाच लावावं. सिलिंडरपाशी विडी-सिगारेट, उदबत्ती, सोडायचा दिवा यातलं काही पेटवू नये. गॅसचा वास आला तर लगेच सांगावं. आणि घासाघीस करायचीच असेल तर भाड्यात करावी, त्याच पैशात आणखी चार माणसं नावेत कोंबायचा आग्रह धरू नये.