उच्चारांचं सोवळं

पुण्यात जर्मन भाषेच्या क्लासांच्या पाट्या वाचत हिंडा. 'अस्सल जर्मन उच्चार', 'नेटिव्हसारखा अ‍ॅक्सेंट', 'जर्मनांसारखं बोला, तेही सहा महिन्यांत'. मीही जर्मनच शिकवतो, माझं घर त्यावर चालतं. तेव्हा 'तुम्हाला यातलं काय कळतंय' असं मला कुणी म्हणू नये. हा 'अस्सल उच्चार' निव्वळ थाप आहे. विकणाऱ्याला मी फार दोष देत नाही. गिऱ्हाईक मागतं, तो देतो. दोष आपला आहे. तोंड उघडताच समोरच्याची पायरी ठरवायची खोड आपल्याला जर्मनांनी लावलेली नाही, ती आपली घरचीच आहे.

एका क्लासमध्ये मला ए-वनच्या, म्हणजे अगदी पहिल्या पातळीच्या, बॅचवर बसायचा योग आला. आकडे चालले होते. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या एका मुलाने 'दोन' आणि 'दहा' म्हणून दाखवले : 'झ्वाय', 'झेन'. सर खूश. मग लातूरकडचा, आयटीआय केलेला इलेक्ट्रिशियन उठला. त्याने ते 'च'ने म्हटले, पण तो 'चमत्कारा'तला च नव्हता, 'चुली'तला होता. सरांनी त्याला थांबवलं आणि म्हणाले, ''अरे, तू आधी 'पानी'चं 'पाणी' कर, मग जर्मनकडे बघू.'' वर्ग खदखदून हसला. पोरगा खाली बसला तो तास संपेपर्यंत गप्प.

आता गंमत बघा. जर्मनमधला झेड म्हणजे 'त्स'. चूल, चाक, चोर यांतला आपला च त्याच्या अगदी शेजारचा. 'चिंच' म्हणताना मराठी माणूस एकाच शब्दात दोन वेगळे च उच्चारतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. म्हणजे बरोबर होता तो इलेक्ट्रिशियन, आणि चुकला होता तो 'झ्वाय'वाला, कारण त्याने जर्मन अक्षर इंग्रजी डोळ्यांनी वाचलं होतं. तरी शाबासकी मिळाली ती त्यालाच. परदेशी भाषा कोणतीही असो, 'चांगला उच्चार' म्हणजे आपल्या लेखी इंग्रजीसारखा वाटणारा उच्चार. जर्मन तर जर्मन, उद्या कुणी स्वाहिली शिकवायला बसला तरी आपण आधी इंग्रजी वळण शोधू.

आणि एवढं सोवळं पाळून आपण मुलं पाठवणार कुठे? महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर असे दहा हजार तरुण पाठवायचा संकल्प जाहीर झाला. याच राज्याने १९९९ साली सरकारी खर्चाने स्वतःची जाहिरात सुरू केली. तिचं घोषवाक्य होतं : आम्हाला सगळं येतं, फक्त प्रमाण जर्मन येत नाही! ज्यांच्या कारखान्यांत मर्सिडीज आणि पोर्शे बनतात, त्यांनी आपल्या बोलीची ही मिरवणूक वीसेक वर्षं काढली. आपल्याकडे एखाद्या जिल्ह्याने 'आम्हाला सगळं येतं, फक्त पुणेरी बोलता येत नाही' अशी फ्लेक्स लावली, तर आपले लोक त्या जिल्ह्याची कीव करतील.

तिथल्या श्वाबियन बोलीत 'इस्ट'चं 'इश' होतं, 'फेस्ट'चं 'फेश्ट' होतं, 'नाही'ला 'नेत' म्हणतात, थोडंसं हवं असेल तर 'बिसले'. आणि 'मी' या अर्थाच्या ज्या एका शब्दासाठी आपले क्लासवाले अख्खा तास मुलांच्या जिभा पिळतात, त्याचं काय? प्रमाण उच्चार ह आणि श यांच्या मधला कुठला तरी. कोलोनकडे लोक सरळ 'इश' म्हणतात, बर्लिनचा जुना माणूस 'इक' म्हणतो आणि श्वाबियात नुसतं 'ई' म्हटलं तरी भागतं. यांपैकी नेटिव्ह कोण नाही?

''म्हणजे वाटेल तसं बोलायचं?'' असं सोवळेवाले लगेच विचारतील. अजिबात नाही. जिथे अर्थ बिघडतो तिथे मी मुलांना सोडत नाही. 'मीटऽ' म्हणजे घरभाडं, 'मिटऽ' म्हणजे मध्य. यातला ऱ्हस्व-दीर्घ चुकला तर घरमालक तोंडाकडे बघत राहील. मराठी माणूस इथेच मार खातो. शाळेत ऱ्हस्व-दीर्घावरून त्याचे मार्क कापलेले असतात, पण बोलताना इ-ईच्या लांबीवर अर्थ लटकलाय अशी सवयच त्याला नसते. जर्मनला त्याच्याशिवाय गत्यंतर नाही. इंग्रजीत असाच घोळ शब्दातल्या आघाताचा होतो. इथे घाम गाळा ना. पण असल्या तासांची जाहिरात होत नाही, इन्स्टाग्रामवर रील बनत नाही.

मरी मन्रो आणि ट्रेसी डर्विंग या कॅनडातल्या संशोधकांनी १९९५ साली चिनी मातृभाषेच्या लोकांचं इंग्रजी बोलणं इंग्रजी भाषकांना ऐकवलं आणि ऐकलं ते लिहून घ्यायला लावलं. ज्यांच्या बोलण्याला 'फार परकी ढब' असा शेरा मिळाला, त्यांचीही कित्येक वाक्यं ऐकणाऱ्यांनी शब्दन् शब्द बरोबर लिहिली होती. ढब वेगळी आणि कळणं वेगळं. गोएथे इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे आपल्या मॅक्स म्युलर भवनाच्या, मधल्या, बी-वन पातळीच्या तोंडी परीक्षेत उच्चाराला शंभरपैकी सोळा मार्क आहेत. जर्मनांना सोळा पुरतात, आपल्याला शंभर हवेत.

त्याहून झोंबणारा प्रयोग अमेरिकेत डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ साली केला. विद्यार्थ्यांना एकाच बाईच्या आवाजातलं तेच व्याख्यान ऐकवलं. काहींना सोबत गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, काहींना आशियाई चेहऱ्याचा. आवाज तोच, तरी आशियाई चेहरा बघणाऱ्यांना परकी ढब ऐकू आली आणि व्याख्यान कमी समजलं. घ्या! जीभ कितीही घासा, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत बसलेला उच्चार कसा काढाल? आता तर कॉल सेंटरच्या माणसाचा आवाज बोलता बोलताच अमेरिकी करून देणारं सॉफ्टवेअर निघालंय. तिथेही घासायची ती आपलीच जीभ, समोरच्याचा कान जसाच्या तसा.

त्या लातूरच्या मुलाला हसणाऱ्यांनाही मला हेच सांगायचंय. परदेशात कुणी आपल्या इंग्रजीला नाक मुरडलं की आपण वंशभेद म्हणून ओरडतो आणि इथे 'आनि-पानी' ऐकलं की ओठ दाबून हसतो. अपमान तोच, फक्त इथे तो करायची पाळी आपली असते. 'काय करायलास?' असं विचारणारा पोरगा परकी भाषा शिकायला येतो तेव्हा त्याच्या हातात धंदा असतो, कानात एक सबंध बोली असते आणि प्रमाण मराठी त्याने आधीच दुसरी भाषा म्हणून कमावलेली असते. खरं तर वर्गातला सगळ्यात तयार विद्यार्थी तोच. त्याला पहिल्याच आठवड्यात गप्प केलं, तर उरलेले महिने काय डोंबलाचं शिकवणार? बोलायला घाबरणाऱ्याचा उच्चार सुधारत नसतो. तो फक्त बंद होतो.

तेव्हा आठवड्यातला एक तास जीभ सोडा आणि कानाला लावा. श्वाबियन मुकादमाचं, बव्हेरियन नर्सचं, तुर्की वळणाचं जर्मन बोलणाऱ्या दुकानदाराचं बोलणं ऐकवा, कारण पोरांना बोलायचंय ते यांच्याशी. आणि 'अस्सल उच्चारा'च्या पाट्या लावणाऱ्यांनी एकदा स्वखर्चाने श्टुटगार्टच्या बसमध्ये बसून यावं. ड्रायव्हर काय म्हणाला ते पहिल्या फटक्यात कळलं, तर पाटी खुशाल राहू द्या. नाही कळलं, तर पाटी उतरवा आणि पोरांची फी परत करा.