समितीचं ऐकायचं नाही, तर समिती कशाला?

मित्रांनो, जरा शांतपणे वाचा.

शेतीवर संसदेची एक स्थायी समिती आहे. ३१ खासदार, लोकसभेचे २१ अन् राज्यसभेचे १०. सत्ताधारी-विरोधक सगळे. अधिकाऱ्यांना समोर बसवून जाब विचारायचा, हे तिचं काम.

या समितीने डिसेंबर २०२४ मध्ये अहवाल दिला. पीएम किसानचे ६,००० चे १२,००० करा. हमीभावाला कायद्याचा आधार द्या.

फेब्रुवारी २०२५ चं बजेट आलं. रक्कम? तीच, २०१९ ची! दिवसाला साडेसोळा रुपयेही पडत नाहीत. खत, डिझेल, मजुरी २०१९ लाच थांबली का?

कुणी म्हणेल, राज्याची नमो योजना आहे ना. आहे. पण ती राज्याच्या तिजोरीतून. केंद्राचं काय?

कुणी म्हणेल, शिफारस बंधनकारक नसते. मान्य. पण लेखी उत्तर देऊन फाईल बंद करू नका. नाही का म्हणता, ते सभागृहात उभं राहून सांगा.

समितीला टाळल्यावर काय होतं तेही आपण बघितलंय. २०२० चे तीन कृषी कायदे समितीकडे न पाठवताच रेटले. शेतकरी वर्षभर दिल्लीच्या वेशीवर बसले. नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदे मागे घेतले, तेही चर्चेविना. आधीच ऐकलं असतं तर?

माझं म्हणणं एवढंच. खासदार गावात आले की हार घालण्याआधी विचारा, "साहेब, त्या अहवालावर तुम्ही सभागृहात काय बोललात?" पक्ष कुठलाही असो.

पटलं तर शेअर करा.