टायर मऊ करायचे, पण कशाने?

आपल्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात यंदा रिमोटवर चालणाऱ्या मोटारींची शर्यत झाली. खालच्या व्हरांड्यातल्या शहाबादी फरशीवर मुलांनी खडूने वळणे आखली होती. गर्दी इतकी, की शेजारच्या वर्गातल्या ज्वालामुखीकडे कोणी फिरकलेच नाही. शर्यत छान झाली. पण शर्यतीआधी वर्गात जो वास येत होता, त्याविषयी थोडे लिहायचे आहे.

सातवीतल्या एका मुलाच्या दप्तरातून श्रीखंडाचा डबा निघाला. आत पेट्रोल आणि पेट्रोलात चार छोटे टायर. "सर, रातभर भिजवलंय, आता वळणावर घसरत न्हाई बघा," असे त्याने अभिमानाने सांगितले. रात्रभर डबा कुठे होता, म्हणून विचारले तर उत्तर आले, "सैपाकघरात, कट्ट्याखाली." कट्ट्यावर गॅसची शेगडी! पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते आणि दूरची ठिणगीसुद्धा तिला पुरते. आणखी दोघांनी थिनर वापरला होता. त्यांचे डोके दुखत होते आणि का दुखते ते त्यांना कळत नव्हते.

मुलांचा विचार मात्र चुकीचा नव्हता, हे आधी मान्य केले पाहिजे. मऊ रबर फरशीच्या बारीक खाचखळग्यांत दबते, जास्त जागेवर टेकते आणि पकड वाढते. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक होत असे. चार्ल्स गुडइयर याला 1839 साली गंधक आणि उष्णता यांचा उपाय सापडला, तेव्हा ते टिकाऊ झाले. पण ऊन, हवा आणि वय यांनी तेच रबर पुन्हा कडक होत जाते. पावसाळ्यात तवंदी घाट उतरणाऱ्या कोणत्याही ट्रक ड्रायव्हरला विचारा, जुन्या गुळगुळीत टायरचा अर्थ तो दोन शब्दांत सांगेल. आपल्या आजोबांच्या बैलगाडीला लोखंडी धाव असे, तिला पकडीची काळजी नव्हती. ती काळजी बैलांच्या खुरांना!

आता पेट्रोलात काय होते ते पाहू. रबर फुगते आणि काही तास मऊ राहते. मग पेट्रोल उडून जाते आणि जाताना कारखान्यात रबरात मिसळलेली तेलेही थोडी सोबत नेते. परिणामी टायर आधीपेक्षा कडक होतो, पुढे त्याला भेगा पडतात. म्हणजे एका शर्यतीसाठी टायरचे आयुष्य खर्ची घालायचे. शिवाय स्वस्त खेळण्यांचे टायर पुष्कळदा रबराचे नसतातच, कडक प्लॅस्टिकचे असतात. त्यांना भिजवून फक्त वास लागतो. आणि पेट्रोलाने ओले चाक ज्या मोटारीला लावायचे, तिच्या आत ब्रशपाशी ठिणग्या उडत असतात, हे विसरू नये.

या छंदातले जाणते लोक पेट्रोल वापरत नाहीत. ते टायरला लावायची खास द्रव्ये वापरतात. काहींत विंटरग्रीनचे तेल असते. आपल्या घरातल्या दुखण्यावरच्या मलमांना जो ओळखीचा वास येतो, तो त्याचाच. वास औषधाचा म्हणून ते निरुपद्रवी समजू नका. त्याचा चहाचा एक चमचा पोटात गेला तर लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. बंद सभागृहातल्या अनेक स्पर्धांत वास येणारी द्रव्ये चालत नाहीत. फॉर्म्युला वनमध्ये 2007 पासून सर्वांना एकाच कंपनीचे टायर मिळतात आणि त्यांना कोणतेही रसायन लावायला मनाई आहे. गो-कार्टच्या मोठ्या स्पर्धांत तर टायरजवळ वाफ हुंगणारे यंत्र धरून चोरी पकडतात.

शर्यत पुढच्या वर्षी नकोच, अशी सूचना काही पालकांनी केली आहे. त्यांची काळजी मला समजते, पण सूचना पटत नाही. शर्यत बंद केली तर भिजवणे घरीच चालेल, आणि तेव्हा डबा कोणाच्या नजरेला पडणार नाही. शिवाय ज्या मुलाच्या काकांचे गॅरेज आहे त्याला थिनर फुकट, आणि जिची आई विड्या वळून घर चालवते ती मुलगी दुकानातल्या कडक टायरवरच राहणार. हा अन्यायही आपण पाहिला पाहिजे.

माझे म्हणणे असे. रोबोच्या संचात मिळणारी पिवळ्या गिअर मोटारीची, काळ्या रबरी टायरची 65 मिलिमीटरची चाके संस्थेने सर्व गटांना सारखी द्यावीत. गाडी मुलांनी स्वतः बांधावी. टायरला साबण, पाणी आणि हलक्या हाताने फिरवलेला पॉलिश पेपर, एवढेच चालेल. आपल्या व्हरांड्यात पकड जाते ती बहुतेक धुळीने आणि खडूच्या भुकटीने. यंदा ज्या मुलीने प्रत्येक फेरीआधी ओल्या फडक्याने टायर पुसले, तिची गाडी एकदाही रेषेबाहेर गेली नाही. बॅटरी मागच्या चाकांवर सरकवली तर आणखी फरक पडतो.

पकड मोजायचीही सोय आहे. चाके दोऱ्याने घट्ट बांधून गाडी फळीवर ठेवायची आणि फळीचे एक टोक हळूहळू उचलायचे. गाडी घसरू लागेल तेव्हा टोकाची उंची आणि फळीखालचे आडवे अंतर मोजायचे. उंचीला अंतराने भागले की घर्षणाचा अंक हाती येतो. उंची 40 सेंटिमीटर आणि अंतर 80 असेल तर अंक अर्धा. टायर धुण्याआधी एकदा मोजा, नंतर एकदा मोजा आणि दोन्ही अंक वहीत लिहा. शर्यतीच्या गुणांत या वहीला निम्मे गुण असावेत, असे मी विश्वस्तांना लेखी कळवले आहे.

मोजणीसाठी लागणारी पाच फुटी सागवानी फळी शाळेत आहेच. सध्या तिच्यावर गॅदरिंगच्या ढाली ठेवल्या आहेत, तेवढ्या हलवाव्या लागतील.