सातबाऱ्यावरचे ओळखीचे शब्द

अवघड शब्द अडला की माणूस कुणाला तरी विचारतो. ओळखीचा शब्द विचारायचे कुणाच्या मनातही येत नाही, आणि सातबाऱ्यावर गफलत होते ती अशाच शब्दांपायी. ‘फेरफार’ म्हटले की लबाडीचा वास येतो. तलाठ्याच्या दप्तरात ती हक्कातल्या बदलाची रीतसर नोंद असते. ‘अज्ञान’ म्हणजे अडाणी नव्हे, तर अठरा वर्षांखालील वारस. त्याच्या पालकाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ असा शेरा पडतो आणि मूल मोठे झाले तरी तो आपोआप निघत नाही, अर्ज करावा लागतो.

‘कुळ’ या शब्दाने सर्वांत जास्त गोंधळ घातला असावा. घरात कुळ म्हणजे घराणे; महसुलात कुळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा. १९४८ च्या कुळकायद्यात पुढे दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी पश्चिम महाराष्ट्रातली आणि कोकणातली कसणारी कुळे, कायद्याच्या अटींत बसत असल्यास, जमिनीची खरेदीदार मानली गेली. अशा जमिनीच्या सातबाऱ्यावर ‘कलम ४३ च्या बंधनास पात्र’ असा शेरा आजही दिसतो आणि वारस घाबरतात. वास्तविक २०१४ च्या दुरुस्तीनंतर, खरेदीला दहा वर्षे झाली असतील तर आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून ती विकता येते. इथला ‘आकार’ म्हणजे जमिनीवर बसवलेला शेतसारा, आणि तो बहुधा अगदी थोडा असतो. एवढे माहीत असलेला वारस दलालाच्या दारी जाणार नाही.

‘इतर हक्क’ या रकान्याचे नावच दिशाभूल करते. इतर म्हणजे किरकोळ असे समजून खरेदीदार तो वाचतच नाही, आणि बँकेचा बोजा, कुळाचे नाव असते नेमके तिथेच. अनेक ठिकाणी बहिणींची नावेही वारस म्हणून वर न लावता या रकान्यात ढकलली गेली. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर; तिथे थोरल्या भावाचे एकट्याचे नाव पाहून धाकट्यांनी आपला हिस्सा गेला असे समजू नये.

सातबारा आता मोबाइलवर मिळतो, ही मोठीच सोय झाली. त्याच उताऱ्याच्या पाठीमागे या दहा-पंधरा शब्दांचे अर्थ साध्या मराठीत छापायला महसूल खात्याला फारसा खर्च येणार नाही. ते या खरीप हंगामापूर्वी व्हावे.