एका सम्राटाचा जमाखर्च

इटलीतल्या एका रेडिओ कार्यक्रमाने बरीच वर्षे एक खट्याळ पुरस्कार चालवला होता. सर्वोत्तम फुटबॉलपटूला दरवर्षी सोन्याचा चेंडू दिला जातो. इटालियन भाषेत त्याला ‘पालोने दोरो’ म्हणतात. त्याच्याशी यमक जुळवून या मंडळींनी ‘बिदोने दोरो’ काढला. बिदोने म्हणजे पिंप, कचऱ्याचा डबा. आणि बोलीभाषेत, गाजावाजा करून आणलेला पण फुसका निघालेला माल. मोसमात ज्याने सर्वांत निराशा केली त्याला श्रोते मते देऊन हा सोन्याचा डबा बहाल करीत. तो तीन वेळा मिळवणारा खेळाडू एकच, ब्राझीलचा आद्रियानो. २००६, २००७ आणि २०१०.

हाच इटली देश त्याआधी दोन वर्षे त्याला ‘सम्राट’ म्हणत होता. रोमन सम्राट हेड्रियन याचे इटालियन नाव आद्रियानो, तेव्हा टोपणनाव शोधायला कोणाला फार लांब जावे लागले नाही. सहा फुटांहून उंच, बैलाच्या खांद्यांचा आणि डाव्या पायात तोफ असलेला हा गडी. बचावपटूंना अंगावर घेऊन तो असा पळे, की ते दोघे-तिघे त्याला अडवताहेत की तोच त्यांना ओढून नेतो आहे, हे कळत नसे.

पुढे तो दारूत बुडाला, वजन वाढले, करार सोडून मायदेशी पळाला, आणि फुटबॉलच्या जगाने निकाल दिला: वाया गेला. २०२४ साली लिहिलेल्या एका लेखात आद्रियानोने स्वतःच, काहीशा हट्टाने, फुटबॉलमधली सर्वांत मोठी नासाडी म्हणजे आपणच, असे म्हणून टाकले. माझा वाद या शब्दाशी आहे, तो त्याच्या तोंडून आला असला तरी. ‘वाया गेला’ हा आपल्या घराघरांत फार सहज वापरला जाणारा शब्द. शिकलेला मुलगा नोकरी सोडून परत आला की तो वाया जातो. तो ज्यांच्या हिशेबात जमेला धरलेला असतो, त्यांच्या वहीत वाया जातो. त्याची स्वतःची वही कोणी उघडत नाही.

आद्रियानोची वही उघडायची तर सुरुवात रिओ दी जानेरोच्या उत्तरेकडच्या पेन्या भागातून करावी लागते. तिथे टेकडीवर विला क्रुझेरो नावाची फावेला आहे. फावेला म्हणजे चढणीवर एकावर एक चढलेल्या विटांच्या खोल्यांची झोपडवस्ती. १७ फेब्रुवारी १९८२ रोजी तो जन्मला आणि या वस्तीत वाढला. फ्लामेंगो क्लबचे मैदान शहराच्या दुसऱ्या टोकाला, श्रीमंतांच्या वस्तीत. नातवाला बसने तिथे सरावाला नेणे आणि परत आणणे, हे काम आजीचे. सुरुवातीला तो डाव्या बाजूचा बचावपटू होता. पुढे त्याला आघाडीवर खेळवण्याची बुद्धी प्रशिक्षकांना झाली.

तो दहा वर्षांचा असताना वस्तीतल्या एका समारंभात गोळीबार झाला आणि एक भरकटलेली गोळी त्याच्या वडिलांच्या डोक्यात घुसली. वडील वाचले, गोळी मात्र डोक्यातच राहिली. त्यांना झटके येऊ लागले. दहाव्या वर्षापासून हा मुलगा वडिलांकडे पाहताना त्या गोळीचाही विचार करीत असणार. हे वडील कडक होते. पोरगा चौदाएक वर्षांचा असताना एका मेजवानीत त्याच्या हातात बिअरचा पेला दिसला, तेव्हा त्यांनी तो हिसकावून फेकून दिला. पुढची कथा ठाऊक असल्यामुळे हा प्रसंग वाचताना अंगावर काटा येतो.

२००१ च्या ऑगस्टमध्ये इंटर मिलानने त्याला नेले तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. १४ ऑगस्टला माद्रिदच्या बर्नाबेऊ मैदानावर रेआल माद्रिदविरुद्ध मैत्रीचा सामना. बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या या पोराने सामना संपता संपता फ्री किक अशी हाणली, की चेंडू जाळ्यात गेल्यावर लोकांना दिसला. इंटर २-१ ने जिंकले. दुसऱ्या दिवसापासून त्याचे नाव इटलीत सगळ्यांना ठाऊक झाले.

या फ्री किकची चित्रफीत आजही लोक आवडीने पाहतात. त्याच वर्षीच्या नाताळची गोष्ट मात्र त्याने फार उशिरा सांगितली. संघातला सहकारी क्लॅरेन्स सीडॉर्फ याने त्याला घरी जेवायला बोलावले होते. तिथून परतल्यावर त्याने रिओला आईला फोन लावला. पलीकडे सगळे नातेवाईक जमलेले, गाणी, हसणे, ताटांचे आवाज. फोन ठेवल्यावर मिलानमधल्या त्या थंड घरात त्याने व्होडकाची बाटली संपवली आणि रात्रभर रडला. वडील तेव्हा हयात होते, कारकीर्द नुकती सुरू होत होती, टीका करायला कोणाला कारणही नव्हते. म्हणजे दुखणे आधीपासून होते. ते पैशाने आले नव्हते आणि प्रसिद्धीनेही नाही. गजबजलेल्या घरात वाढलेले पोर अचानक एकटे पडले, एवढेच.

मधली वर्षे झपाट्याने गेली. फिओरेंतिनाला उसनवारी, मग पार्मा, तिथे गोलांची रास, आणि २००४ च्या जानेवारीत पुन्हा इंटर. त्या वर्षी जुलैमध्ये पेरू देशात कोपा अमेरिका स्पर्धा झाली. ब्राझीलने रोनाल्डो, रोनाल्डिन्हो, काका यांना विश्रांती देऊन जवळजवळ दुसरी फळी पाठवली होती. २५ जुलैला लिमामध्ये अंतिम सामना, समोर अर्जेंटिना. अर्जेंटिना २-१ ने पुढे. नव्वद मिनिटे संपून भरपाईची मिनिटेही सरत आलेली. अर्जेंटिनाच्या राखीव खेळाडूंचा जल्लोष सुरू झालेला. एक उंच चेंडू पेटीत पडला, गोंधळात आद्रियानोसमोर आला, त्याने गर्रकन वळून डावा पाय चालवला. २-२. मग पेनल्टीवर ब्राझील विजेते. स्पर्धेत सात गोल, सर्वाधिक गोलांचा मान त्याचा आणि सर्वोत्तम खेळाडूचाही. तेव्हा रोनाल्डोचा वारस मिळाला, याविषयी कोणालाच शंका नव्हती.

त्यानंतर दहाएक दिवसांत वडील गेले. हृदयविकाराने. इंटरचा कर्णधार हाविएर झानेती याने तो क्षण सांगितला आहे: ब्राझीलहून फोन आला, आद्रियानोने फोन फेकून दिला आणि तो किंचाळू लागला, असे किंचाळणे की अजून आठवले तरी शहारे येतात. त्या दिवसापासून क्लबचे मालक मासिमो मोराती आणि झानेती या दोघांनी त्याला धाकट्या भावासारखे जपले. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण या कथेत कोणी खलनायक शोधू लागेल तर त्याला तो सापडणार नाही.

आपल्याकडे बाप गेला की तेरा दिवस घराला सुतक असते. धर्माचा भाग सोडून द्या. त्यामागचे शहाणपण असे, की या माणसाकडून काही दिवस कोणी कामाची अपेक्षा ठेवू नये आणि त्याला एकटे सोडू नये. फुटबॉलच्या मोसमाला सुतक नसते. आद्रियानो खेळत राहिला, गोल करीत राहिला, प्रत्येक गोलानंतर आकाशाकडे बोट दाखवीत राहिला. २००५ च्या जूनमध्ये जर्मनीत कॉन्फेडरेशन्स कप झाला, त्याच्या अंतिम सामन्यात ब्राझीलने अर्जेंटिनाला ४-१ ने धुतले; दोन गोल त्याचे, आणि सर्वोत्तम खेळाडूचा किताबही. पाहणाऱ्यांना वाटले, पोरगा सावरला. खरे तर त्याच्याकडे सावरायला वेळच नव्हता.

इथे काही वाचक विचारतील, बाप कोणाचा मरत नाही? मराठी माणसाला तर सचिन तेंडुलकर आठवणारच. १९९९ च्या विश्वचषकात, १९ मे रोजी, त्याचे वडील प्रा. रमेश तेंडुलकर गेले. तो मुंबईला आला, लगेच इंग्लंडला परतला आणि २३ मे रोजी केनियाविरुद्ध नाबाद १४० धावा काढून त्याने आकाशाकडे पाहिले. ते धैर्य अलौकिकच. पण त्याला परत पाठवणारी आई होती, त्याचे वाट पाहणारे घर मुंबईतच होते आणि इंग्लंडातल्या त्या खोलीत मराठीतून बोलायला माणसे होती. एकाला जमले म्हणून तो सर्वांसाठी नियम होत नाही. अलौकिक गोष्टीला कायद्याचे रूप देऊन इतरांना त्यावर नापास करणे, ही आपली जुनी खोड आहे.

मला याहून नेमकी तुलना वाटते ती त्याच इंटर क्लबातल्या त्याच्याआधीच्या आघाडीवीराची. रोनाल्डोच्या गुडघ्याला १९९९ च्या नोव्हेंबरात दुखापत झाली. १२ एप्रिल २००० रोजी रोममध्ये लाझिओविरुद्ध तो परतला आणि काही मिनिटांतच तोच गुडघा पुन्हा फाटला. मैदानात कोसळलेल्या रोनाल्डोसाठी विरोधी संघाचे खेळाडूही हळहळले. शस्त्रक्रिया झाली, क्लब दीर्घकाळ थांबला, डॉक्टर आले, व्यायाम झाले, आणि २००२ च्या विश्वचषकात त्याने आठ गोल केले. जगाने टाळ्या वाजवल्या त्या योग्यच होत्या. पण मोडलेला गुडघा छायाचित्रात दिसतो. मन दिसत नाही. आद्रियानोने पुढे सांगितले, की तो दारू पिऊन सरावाला येई आणि दवाखान्याच्या खोलीत झोपे. क्लब पत्रकारांना सांगे, स्नायू दुखावला आहे. त्यात दुष्टावा नव्हता, उलट मुलाची अब्रू झाकण्याची धडपड होती. तरी त्या एका थापेत त्या काळचे सगळे फुटबॉल आले. स्नायू दुखावला म्हणणे चालत होते. दुःख झाले आहे, हे म्हणायची सोय नव्हती.

आज थोडा फरक पडला आहे. ब्राझीलचाच रिचार्लिसन २०२३ साली राष्ट्रीय संघाच्या सामन्यात बदलीच्या बाकावर बसून रडला आणि मानसोपचाराची मदत घेणार असल्याचे उघड सांगून मोकळा झाला. त्याला कोणी डबा पाठवला नाही. आद्रियानो वीस वर्षे आधी जन्मला नाही तरी वीस वर्षे आधी रडला.

२००६ चा विश्वचषक ब्राझीलला वाईट गेला. २००७ च्या नोव्हेंबरात इंटरने त्याला उपचारासाठी ब्राझीलला पाठवले, मग सहा महिने साओ पाउलो क्लबाकडे. तो परतला, मोरिन्योच्या हाताखाली काही काळ खेळला, आणि २००९ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रीय संघासाठी गेला तो मिलानला आलाच नाही. तो कुठे आहे हेच कोणाला कळेना. अपहरण झाले, मेला, अशा आवया उठल्या. तो विला क्रुझेरोत होता, मित्रांबरोबर, अनवाणी. इंटरशी करार संपवून त्याने कोट्यवधींवर पाणी सोडले.

त्या वस्तीचे गोडवे मी गाणार नाही. २००२ साली तिथूनच टिम लोपेस या पत्रकाराला गुंडांनी पकडून नेले आणि त्याची हत्या केली. २०१० मध्ये लष्कराची चिलखती वाहने तिथे घुसली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच भागातल्या पोलीस कारवाईत शंभराहून अधिक माणसे मेली. तिथे परत जाणे म्हणजे निसर्गरम्य खेड्यात विसावा घेणे नव्हे. दारूचेही समर्थन नाही. ती त्याने इटलीत सोडली नाही आणि ब्राझीलमध्येही नाही. पण जिथे बापाला गोळी लागली तिथेच ज्याला श्वास घेता येतो, त्या माणसाला मिलानमध्ये काय होत असेल याचा अंदाज बांधता येतो.

आणि परत येऊन काय झाले? २००९ च्या मे महिन्यात तो फ्लामेंगोत दाखल झाला. त्या मोसमात त्याने १९ गोल केले, साखळीतले संयुक्त सर्वाधिक. फ्लामेंगो १९९२ नंतर प्रथमच ब्राझीलचा विजेता झाला. युरोपच्या वहीत हे वर्ष कोरे आहे. रिओतल्या लक्षावधी लोकांना विचारा.

रोमारिओ आठवा. १९९४ चा जगातला सर्वोत्तम खेळाडू, बार्सिलोनाचा लाडका. १९९५ च्या जानेवारीत तो सगळे सोडून फ्लामेंगोला परतला, कारण त्याला रिओचा समुद्र आणि रिओच्या रात्री हव्या होत्या. त्याला कोणी वाया गेला म्हणत नाही. विश्वचषक खिशात असला की घरची ओढ हा स्वभाव ठरतो. नसला की तोच दोष.

पुढचे सांगण्यासारखे थोडे. २०१० मध्ये त्याने रोमा क्लबासाठी पुन्हा युरोप गाठले आणि एकही गोल न करता काही महिन्यांत परतला. मग टाच मागून फाटली. कोरिंथियन्स, इकडचे तिकडचे क्लब, आणि २०१६ च्या सुमारास सगळे थांबले. झानेती म्हणतो, त्या मुलाला नैराश्यातून बाहेर काढता आले नाही हा आपला सर्वांत मोठा पराभव. मैदानावर शेकडो सामने खेळलेल्या कर्णधाराचे हे म्हणणे आहे. त्याने पराभव मुलाच्या नावावर टाकला नाही.

१५ डिसेंबर २०२४ रोजी माराकाना मैदानावर आद्रियानोचा निरोपाचा सामना झाला. फ्लामेंगोचे जुने खेळाडू एकीकडे, इटलीतले सोबती दुसरीकडे. मैदान भरले होते. मोठ्या पडद्यावर, आजच्या यंत्रविद्येने घडवलेली, वडिलांची बोलती प्रतिमा दाखवली गेली. बेचाळीस वर्षांचा, सुटलेल्या अंगाचा तो माणूस पडद्याकडे पाहत उभा राहिला आणि सगळ्यांसमोर रडला. विला क्रुझेरो तिथून काही मैलांवर आहे.